कथीलमावशींचा अर्धा टक्का

तिसऱ्या मजल्यावरच्या कथीलमावशी कारखान्यातून सोन्याचा चुरा आणतात आणि खिडक्या लावून चाळत बसतात, अशी बातमी आमच्या इमारतीत तीन महिने फिरत होती. बातमी पक्की होती, कारण ती मीच सोडली होती. मग एकदा साखर मागायच्या निमित्ताने आत डोकावले, तर मावशी कणीक चाळत होत्या! कारखान्यात मौल्यवान धातू आहे हे खरं, पण तो पॅलेडियम, आणि तोही कुलपात. घरी येतो तो फक्त त्यांचा हट्ट.

गॅसगळतीची घंटा बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मावशी सव्वीस वर्षं आहेत. घंटेच्या पोटात मिऱ्याएवढा मणी असतो, तेच तिचं नाक. कथलाच्या ऑक्साईडची पांढरी पूड खलायची, तिच्यात पॅलेडियमच्या द्रावाचे थेंब मोजून सोडायचे, त्या लगद्याचा लेप मण्याला द्यायचा आणि मणी भट्टीत भाजायचा. पुढे घंटेत हा मणी सतत तापलेला असतो. त्याच्यापर्यंत गॅस पोचला की त्यातून वीज जास्त वाहते आणि घंटा कोकलते. नुसतं कथीलही हे काम करतं, पण रमतगमत. पॅलेडियम त्याच्या मागे लागतं.

"मग भरपूरच घालावं की," मी म्हटलं.

"तू लग्नं जमवतेस ना गं? एका बैठकीला किती मध्यस्थ लागतात?"

"एक. मी असले तर अर्धासुद्धा पुरे."

"आणि सहा आले तर?"

"कोपरा धरून आपसातच गप्पा ठोकतील. मुलामुलीकडे बघतंय कोण!"

"पॅलेडियमचं तेच. अर्धा टक्का घातलं तर कण नीट विखुरतात. जास्त झालं की एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि गॅस ताटकळत राहतो."

माझ्या डोक्यात शिरलं ते कारखान्याच्या नव्या साहेबांच्या डोक्यात शिरेना. त्यांनी जाहिरात आधीच छापून घेतली होती: 'आता सहापट पॅलेडियम!' म्हणजे बारसं उरकलं, आता बाळ शोधा. मावशींना तीन टक्क्यांचे दोनशे मणी भाजायचा हुकूम आला.

"भाजते," मावशी म्हणाल्या. "सही मात्र मणी तपासल्यावर."

कारण मालावर सही त्यांची लागते, आणि हा माल जायचा होता एका मोठ्या लाँड्रीच्या बॉयलरच्या खोलीत. तिथे आठ बायका दिवसभर चादरी वाळवतात.

पुढचं मला कारखान्याच्या दारवानाने सांगितलं. तो माझा मावसभाऊ, त्याच्या पोटात तीळ भिजत नाही. काचेच्या पेटीत एकीकडे मावशींचा जुना मणी, दुसरीकडे नवा. सिरिंजने गॅस सोडला. जुना बाराव्या सेकंदाला ओरडला. नवा मात्र सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा पडून राहिला, आणि दीड मिनिटाने एकदाचा कण्हला.

"हा मणीच बिघडलाय, दुसरा लावा," साहेब म्हणाले.

दुसरा लावला, सातवा लावला, पंधरावा लावला. सगळे एका माळेचे मणी!

"मावशी, उशिरा का होईना, वाजतोच ना? करा सही. गिऱ्हाईक दारात उभं आहे."

"नाही करणार."

"मग उद्यापासून पॅकिंगला बसा."

निवृत्तीला दोन वर्षं उरलेली बाई खोकी चिकटवायला बसली. जाताना स्वतःचा खल काखेत मारून गेली, एवढंच. साहेबांनी मग दोघा कारागिरांपुढे कागद सरकवला. एकाला चष्मा सापडेना, दुसरा स्पष्टच म्हणाला, "मावशींनी केली की मी करतो." दोनशे मणी अजून कपाटात आहेत आणि जाहिरात भिंतीवर.

मी आपलं शेजारधर्म म्हणून समजवायला गेले. "मावशी, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? चार अक्षरांची तर सही!"

"मी कुठे अडून बसले? पॅकिंगला जाताना तयार झाले होते की," डबा घासता घासता त्या म्हणाल्या. "एक अट घातली, ती साहेबांना झेपेना."

"कसली अट?"

"म्हटलं, साहेब, त्या बॉयलरच्या खोलीत जा, दार लावा, गॅस सोडा आणि दीड मिनिट उभे राहा. घंटा ऐकून आपल्या पायांनी बाहेर आलात, तर लगेच सही करते."