आठ शून्यं

एका बिटकॉइनमध्ये सुटे किती, सांगता? नुसती मान डोलावू नका. अशाच डोलावलेल्या मानेने एका बाईचं सहा महिन्यांचं विणकाम मातीमोल झालं.

मोबाइल दुरुस्त करणाऱ्याला गल्लीत ‘सर्वज्ञ’ म्हणत. चिडवून म्हणत, पण त्याला ते मानपत्र वाटे. दुकानावरच्या खोलीतली मावशी स्वेटर विणायची. बाहेरदेशीच्या एका दुकानदाराने चाळीस मागवले. पैसे मात्र बिटकॉइनमध्येच देणार. मावशी फोन घेऊन खाली आली.

“एका नाण्याचा पन्नासावा हिस्सा मिळाला की माझे कष्ट फिटले. पण हा फोन सातोशीत आकडा मागतोय. ते काय असतं रे?”

“सुटे, मावशी. एका नाण्याचे लाख सातोशी.” डोळ्यावरचं भिंगही न काढता त्याने ठोकून दिलं. “दोन हजार टाका.”

“नक्की ना?”

“आता तुम्ही मला शिकवणार?”

एका नाण्याचे सातोशी होतात दहा कोटी. एकावर आठ शून्यं. पठ्ठ्याने तीन गिळली. मागायचे वीस लाख, मागितले दोन हजार. दुकानदाराने मुकाट दिले, स्वेटर नेले. पैसे वटवले तर दोन कप चहाचे!

मावशी विचारायला आली, तोवर याला चूक उमगली होती. पण तोंड? तोंड म्हणालं, “बाजार पडला, मावशी. हाताने विणलेल्याला विचारतो कोण?”

चूक एकवेळ माफ. हे वाक्य नाही.

चार दिवसांनी मावशीने विणायच्या सुया त्याच्या टेबलावर ठेवल्या. “घे. फोन उचकटायला होतील. माझ्या विणीची किंमत कळली मला.”

सुया अजून कोमट होत्या, तिच्या मुठीतल्या. त्याला त्या हातात धरवेनात.

“मावशी, बाजार नाही पडला. मीच शून्यं खाल्ली. मग खोटं बोललो.”

तो शिव्यांची वाट बघत उभा राहिला.

“म्हणजे... वीण चांगली होती?”

“एक नंबर होती.”

“मग आण त्या सुया इकडे, मेल्या! आणि लिही त्या दुकानदाराला. तुझी अक्कल कुठे चरायला गेली होती, तेही लिही.”

त्याने लिहिलं, सगळं. उत्तर अजून नाही. शिव्या परवडल्या असत्या. ‘वीण चांगली होती?’ हा तिचा प्रश्न त्याला जेवू देत नाही.

तेव्हा हात जोडून सांगतो: कुणी भरवशाने तुमच्यापुढे फोन धरला, तर आधी बोट ठेवून शून्यं मोजा. येत नसेल तर ‘येत नाही’ म्हणा.