एस्तेरसाठी मोठ्यानं केलेली प्रार्थना

हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. पाळकसाहेबांना नाही, सख्ख्या बहिणीला नाही — आणि प्रभूला तरी कुठं सरळ सांगितलंय? तो जाणतोच म्हणून गप्प राहिले. जाणणाऱ्यापुढं गप्प बसणं सोपं असतं हो. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मध्येच हात धरून ‘असू द्या बाई’ म्हणणार नाही.

आमच्या चर्चमध्ये मला ‘मौनातल्या बाई’ म्हणतात. प्रार्थनासभेत माझी पाळी आली की मी नुसती मान हलवते आणि शेजारची सुरू करते. नव्या सुना घरी येऊन विचारतात, बाई, तुम्ही सगळ्या अपेक्षा कशा हो खाली ठेवल्या? मी हसते. काय सांगू — कपाळ माझं?

बहात्तरचा दुष्काळ नुकता सरला होता. मी साताऱ्यात प्राथमिक शाळेत शिकवत होते. पस्तिशी उलटलेली, लग्न झालेलं नाही, भावाच्या घरी बाहेरच्या खोलीत अंथरूण. जीभ अशी तिखट, की मी नुसती खाकरले तरी वर्ग चिडीचूप. एस्तेर त्याच शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवायची. पलूसकडची पोर, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, बोलणं अस्सल तिकडचं. पोरं तिच्या अंगाखांद्यावर लोंबकळायची. माझ्या अंगाखांद्यावर कोण लोंबकळणार?

शांत प्रार्थना मला तिनं शिकवली. हे आधीच सांगून टाकते, निदान हे तरी माझ्या नावावर नको. शाळेआधी आम्ही दोघी चर्चमधल्या सतरंजीवर बसायचो. माझी प्रार्थना म्हणजे यादी — देवा हे दे, देवा ते दे, आणि वहिनीला जरा अक्कल दे. एस्तेर म्हणाली, “बाई, मागायचं न्हाई. नुसतं बसायचं. तळवं उघडं ठेवायचं मांडीवर. जे लय घट्ट धरलंय, ते रोज खाली ठेवायचं.”

तू काय ठेवतेस, मी विचारलं. “आईला,” म्हणाली. आई तिची विधवा, एस्तेरच्या भावाच्या घरी गोठ्याला लागून काढलेल्या पडवीत राहायची. भावजय भाकरी द्यायची, पण मोजून आणि सुनावून. आईला स्वतःच्या खोलीत आणायचं, एवढंच एस्तेरला हवं होतं. दुसरं काही नाही, खरंच नाही. “रोज खाली ठेवते,” ती हसली, “आन् उठताना परत उचलून घेते बघा.”

अशात सांगलीला, विश्रामबागेत, मुलींच्या बोर्डिंगवर बाई नेमायची निघाली. राहायला दोन खोल्या आणि अंगणात स्वतंत्र नळ. माणूस निवडणारी कमिटी साताऱ्याची. आम्ही दोघींनी अर्ज केले. नोकरीची वर्षं माझी जास्त, पण कमिटीचा कल एस्तेरकडं होता, आणि तो बरोबरच होता — बोर्डिंगच्या पोरींना माया करणारं माणूस लागतं. पण मला तो नळ हवा होता. हसू नका. पंधरा वर्षं वहिनीच्या बादलीमागं बादली लावलेल्या बाईला आपला नळ म्हणजे काय, ते दुसऱ्याला नाही कळायचं. मी काही तळवे उघडे ठेवत नव्हते. डोळे मिटून त्या नळाला गच्च धरून बसत होते.

मग एका सकाळी एस्तेर बसल्या जागी कोसळली. हातपाय वेडेवाकडे, दातखीळ बसलेली, तोंडाला फेस. मी तिला कुशीवर केलं, डोकं मांडीवर घेतलं. शुद्धीवर आली आणि आधी दाराकडं बघितलं — कुणी पाहिलं का? कुणीच नव्हतं. आठवीपासून फेफरं यायचं तिला. गोळ्या चालू होत्या, वर्ष-दोन वर्षांतून एखादे वेळी यायचं. गावात नाकाला चप्पल लावली, कांदा हुंगवला, आणि मग तिच्याबरोबर पाण्याला जायला कुणी मैत्रीण उरली नाही. “बाई, कुणाला सांगू नका. फकस्त देवाला सांगा.” मी तिच्या केसांवर हात ठेवून हो म्हटलं. मनापासून म्हटलं, असं आठवतं. पण माझ्या आठवणीवर मीच किती विश्वास ठेवू?

बुधवारी संध्याकाळी बायकांची प्रार्थनासभा असायची, आज हिच्या घरी, उद्या तिच्या. ज्याचं दुखणं-खुपणं असेल त्याचं नाव घेऊन मोठ्यानं प्रार्थना करायची, ही आमची रीत. एस्तेर तेव्हा नसायची, कच्ची पोरं शाळेत थांबवून शिकवायची. कमिटीच्या अध्यक्षांची बायको मात्र असायची. तिला आम्ही सगळ्या आत्याबाई म्हणायचो.

त्या बुधवारी माझी पाळी आली. मी गुडघे टेकले आणि म्हणाले — शब्द अजून जसेच्या तसे आहेत — “हे प्रभू, तुझी लेक एस्तेर हिचं फेफरं दूर कर. एवढ्या पोरींची जबाबदारी अंगावर येण्याआधी तिला बरं कर.” डोळ्यांतून पाणी आलं, खरं पाणी. सगळ्यांनी आमेन म्हटलं.

सांगा, काय चुकलं? देवालाच तर सांगितलं होतं! मांजर डोळे मिटून दूध पितं, पण जगाला दिसतं, असं म्हणतात. माझ्या वेळी साऱ्या जगाचेच डोळे मिटलेले होते.

आठ-दहा दिवसांत कमिटीचं पत्र आलं, माझ्या नावानं. एस्तेर वर्गात आली. मला वाटलं, आता ही थुंकणार तोंडावर. थुंकली असती तर बरं झालं असतं. तिनं माझे दोन्ही हात धरले. “आत्याबाई म्हनल्या, तुमी माझ्यासाठी रडलासा. आजवर कुनी रडलं न्हाई बाई माझ्यासाठी.” आणि मी काय केलं? हात तिच्या हातात तसेच राहू दिले. माझी ट्रंक एस.टी. स्टँडवर तिनं पोचवली.

विश्रामबागेत मी अकरा वर्षं काढली. नळाला पाणी भरपूर होतं. सकाळी तळवे उघडे ठेवून बसायची, आणि काही मागावं म्हटलं की डोळ्यांपुढं ती पडवी यायची. बढती मागता येईना, तब्येत मागता येईना, चार शब्द बोलणारं माणूस मागता येईना. एकेक करून सगळं गळून पडलं. लोक त्याला शांती म्हणतात. मागायला तोंड राहिलं नाही, एवढंच ते आहे.

एस्तेरची आई दुसऱ्याच वर्षी गेली, त्याच पडवीत. मी पलूसला गेले. सांगायचं ठरवूनच गेले होते. बसमध्ये शब्द घोकले होते, परीक्षेला निघालेल्या पोरासारखे. एस्तेर म्हणाली, “बसा बाई.” आम्ही बसलो, पूर्वीसारख्या. तळवे मांडीवर उघडे ठेवून ती म्हणाली, “आता उठताना उचलून घ्यायला काय ऱ्हायलं न्हाई.” मी तोंड उघडलं. विचारलं काय, तर परतीची बस किती वाजता. मग बसची वेळ झाली. ती फाट्यापर्यंत आली, माझी पिशवी हातात घेऊन.

आता एस्तेरही नाही. कितीतरी वर्षं मी मनाला समजावत आले — प्रार्थनेच्या ओघात निघून गेलं, माणूस रडताना शब्द जोखतं का?

ओघात नव्हतं ते. एस्तेर पडली, त्यानंतरचे दोन बुधवार आत्याबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. सभा दोन्ही बुधवारी भरली. माझी पाळी दोन्ही वेळा आली. दोन्ही वेळा मी वहिनीच्या गुडघेदुखीसाठी प्रार्थना केली. एस्तेरचं नाव मी तिसऱ्या बुधवारी घेतलं — आत्याबाई आत येऊन, चप्पल काढून, माझ्या शेजारी बसल्यावर.