न लावलेला नंबर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून कदाचित जमेल — बघू या.

आमची रेवा तेव्हा तेरा वर्षांची होती. वरचे दात पुढे आलेले, त्यातला एक शेजारच्यावर चढलेला. आम्ही दिल्लीत सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो, ह्यांची केंद्र सरकारची नोकरी. दुखलंखुपलं की सरकारी दवाखाना, हा घरचा नियमच. शाळेतली पोरं रेवाला काहीबाही म्हणायची. एक दिवस तिनं सरळ सांगितलं, "आई, मला तार लावून दे." म्हणून तिला घेऊन दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

बाई चांगल्या होत्या — त्यांचा काही दोष नाही, हे आधीच सांगते. रेवाला बाहेर बसवून त्यांनी मला नीट समजावलं. इथे तारेसाठी दोन वर्षांची रांग आहे, नंबर लावून ठेवा. पण झेपत असेल तर बाहेर खासगीतच करून घ्या, कारण जबडा वाढतोय तोवरच हे सोपं, नंतर ऑपरेशनवर जाईल. आणि मग हसून म्हणाल्या, "दाँत बिल्कुल मम्मी पर गए हैं."

जिव्हारी लागलं मला ते. माझेही दात तसेच आहेत — सांगायचं राहिलंच, नाही का? बघा, अजून लपवतेच आहे. ह्याच दातांवरून तीन स्थळांनी मला नकार कळवला होता. लग्नाच्या सगळ्या फोटोंत मी ओठ मिटून उभी आहे. माझ्यासाठी कुणी कधी डॉक्टर शोधला नव्हता.

घरी आले. पैशांची अडचण नव्हती. हे स्वतःच म्हणाले होते, "बाहेर करायचं तर बाहेर करू, तू ठरव." आणि मी काय सांगितलं? बाई म्हणाल्या घाई नाही, नंबर लावलाय, आला की कळवतील. नंबर मी लावलाच नव्हता. दवाखान्यातल्या नंबराच्या खिडकीपर्यंतसुद्धा गेले नव्हते.

संशय तरी कुणाला यावा? क्वार्टरसाठी आठ वर्षं थांबलेली माणसं आम्ही. आमच्या घरात रांगेवर सगळ्यांचा विश्वास. हे दोन-तीन महिन्यांनी विचारायचे, "आला का गं नंबर?" मी म्हणायची, "आजच चौकशी करून आले, नाही अजून." "चलो, येईल," म्हणून हे पुन्हा पेपरात डोकं घालायचे. रेवाही विचारायची. मग विचारेनाशी झाली. हसताना तोंडावर हात धरायला लागली.

का केलं असं? विसरले नव्हते. कंजूषपणाही नव्हता. मला — लिहितानासुद्धा लाज वाटते — मला वाटलं, हिचेच का म्हणून सरळ व्हावेत? मी काढलंच ना आयुष्य असल्या दातांवर, मग हिला काय धाड भरलीय? पोटच्या पोरीचा हेवा केला मी. तेरा वर्षांच्या मुलीचा!

आता रेवा एकोणतीसची आहे, गुरुग्रामला नोकरी करते. गेल्या महिन्यात आपणहून एका डॉक्टरकडे गेली. नुसत्या तारेनं आता भागणार नाही, जबडा कापून मागे घ्यावा लागेल, असं त्यांनी सांगितलं. रविवारी घरी आली तेव्हा जेवता जेवता तिनं हे आम्हाला सांगितलं.

ह्यांचा घास हातातच राहिला. "माझंच चुकलं गं," म्हणाले. "नंबराच्या भरवशावर बसलो. उचलून बाहेर न्यायला हवं होतं तुला." सत्तरीला आलेला माणूस, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. तेव्हा तरी मी तोंड उघडायचं ना? मी त्यांच्या ताटात पोळी वाढली.

रेवा म्हणाली, "जाऊ द्या हो बाबा, सिस्टिमच तशी, तुम्ही काय करणार?" मग माझ्याकडे वळली. माझा हात धरून म्हणाली, "आणि आई, तू तर किती चकरा मारल्यास माझ्यासाठी."

मी म्हटलं, "हो गं, मारल्या."