लॅव्हेंडर संपल्यावर समुद्र

लेक झाली त्या वर्षी फर्मिनने कांगू गाडी घेतली, ती कुटुंबासाठी. दोन्हीकडे सरकते दरवाजे, मागे बाबागाडी सहज मावेल एवढी जागा. "उन्हाळ्यात समुद्रावर जायचं," असं त्याने बायकोला, सोलांजला, सांगूनही टाकलं. पण जूनच्या अखेरीस पठारावर लॅव्हेंडर फुललं आणि मधमाश्यांच्या पेट्या तिकडे न्यायला गाडी लागली. मागची सीट निघाली, कोठारात जाऊन पडली. समुद्र पुढच्या वर्षावर गेला.

मग तेच होत राहिलं. गावाला सुट्टी लागे तेव्हाच यांचा हंगाम, आणि पेट्या परत आणून मध काढेपर्यंत शाळा उघडलेली. "बाबा, यंदा तरी?" मायल विचारायची. पुढे विचारेनाशी झाली. पोरगी समजूतदार आहे, असं फर्मिन कौतुकाने सांगायचा.

ती अकरा वर्षांची झाली त्या जुलैत मात्र त्याने पेट्या भावावर सोपवल्या, सीट झटकून पुन्हा बसवली. मायलला समुद्र आपणच पहिल्यांदा दाखवायचा, ही हौस त्याने इतकी वर्षं जपली होती.

"दिसायला लागेल आता. डोळे मिटून घे, मी सांगेन तेव्हा उघड."

"नको रे बाबा, डोळे मिटले की मला गाडी लागते."

किनाऱ्यावर गाड्यांची ही गर्दी. फर्मिन गोंधळला.

"आइस्क्रीमवाल्याच्या मागून डावीकडे घे," मायल म्हणाली. "तिथे झाडांची सावली असते."

"तुला गं काय माहीत?"

"पास्कालकाका तिथेच लावतात ना!"

पास्काल शेजारचा सुतार. त्याचीही कांगूच, पण त्याच्या गाडीची सीट कधी निघाली नव्हती.

मायल दार सरकवून पळालीसुद्धा. फर्मिनने सोलांजकडे पाहिलं.

"किती वेळा?"

"दर उन्हाळ्यात. त्यांच्या मुलांबरोबर."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"सांगितलं असतं, तर 'पुढच्या वर्षी' म्हणायला तोंड राहिलं असतं तुला?" तिचा आवाज चढला नव्हता. "तेवढीच तुझी आशा. ती कशाला मोडू?"

फर्मिन पँट दुमडून घोटाभर पाण्यात उभा राहिला. त्याला पोहता येत नव्हतं. समोर मायलने लाटेत सूर मारला, पार पलीकडे वर आली आणि केस मागे सारून त्याला हात केला. त्यानेही केला. तिला पोहायला कुणी शिकवलं, हे त्याने विचारलं नाही.