बस्त्यातली रिकामी जागा

दुकान आणि गिऱ्हाईक यांच्यातलं अंतर जळगावातून कायमचं मिटलं, असं नव्वदचं दशक संपता संपता एका निमंत्रणपत्रिकेत छापून आलं. मजकूर माझाच होता. तेव्हा मी कॉम्प्युटर शिकवायचो आणि साड्यांच्या एका व्यापाऱ्याची वेबसाइट बनवत होतो.

लग्नाच्या साड्यांची एकत्र खरेदी, म्हणजे बस्ता, घरबसल्या व्हावा अशी शेठची इच्छा. मी तयार साचा घेतला. त्यात प्रत्येक नात्याला एक चौकोन: आई, मामी, आत्या. चौकोनात आधीपासून ‘इथे नाव लिहा’ असं असायचं आणि नमुन्याची पैठणी. गिऱ्हाइकानं नाव लिहायचं, साडी बदलायची.

उद्घाटनाला शेठच्याच मुलीचा बस्ता भरायचा ठरला. मुलगी आईवेगळी. तिला वाढवलं शेठच्या विधवा बहिणीनं, अक्कांनी. आईच्या मानाची साडी आपल्याला मिळेल, एवढीच त्यांची आशा होती.

आदल्या दिवशी मी शेठना विचारलं, “आईच्या चौकोनात अक्का लिहू ना?”

“मास्तर, कोऱ्या कपाळाची बाई आईच्या मानाला उभी करू? लोक तोंडात शेण घालतील.”

“मग चौकोन काढतो.”

“आईची जागा काढतोस? अपशकुन. राहू दे तसाच.”

मी राहू दिला. मला साइट पुरी करायची होती.

समई पेटली, हार झाले, प्रिंटरमधून यादी आली. रिवाजाप्रमाणे मुनीमजींनी ती मोठ्यानं वाचली. वाचताना ते विचार करत नसत.

“आईच्या मानाची पैठणी, इथे नाव लिहा.”

पाहुणे हसले. शेठही हसले. अक्का पुढे आल्या.

“मन्हं नाव कोठे शे, भाऊ?”

“तुझं पांढरं पातळ वेगळं काढलंय, अक्का. यादीत कशाला?”

अक्कांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा आईचा चौकोन पाहिला.

“जी जगमा नही तिले पैठणी. चांगलं शे,” म्हणाल्या, आणि पाहुण्यांच्या चहाचे कप गोळा करू लागल्या.

मी पेढा खाल्ला. चांगला होता.

लग्नात ती पैठणी कुणालाच दिली गेली नाही. ती दुकानात परत आली आणि दिवाळीच्या सेलमध्ये गेली. वेबसाइटवर त्यानंतर दुसरा बस्ता कुणी भरला नाही.