वाटूरच्या चावडीत आलेलं समाजशास्त्र

वाचनालयातल्या मंडळींनो, आज वाटूरला समाजशास्त्र आलं. त्याचा खरा खर्चा म्हणजे सटवा शेतकऱ्याच्या हरभऱ्याच्या पेरणीचा एक दिवस. राग ताजा आहे, म्हणून हा कागद आत्ताच फळ्यावर लावतोय.

हैदराबादहून एक प्राध्यापक आल्ते. मला उर्दू येतं म्हणून पाटलांनी दुभाष्या केलं. साहेब चावडीत पाटलांच्या शेजारी गादीवर बसले अन् म्हणाले, "पुस्तकातला न्हाई, मी डोळ्यांनी पाहिलेला समाज शिकवतो."

मंग गावकऱ्यांना एकच सवाल, "तुमच्याकडून कुणी फुकट काम करून घेतं का?"

पाटील सुपारी कातरत ऐकून राह्यले. जो तो म्हणे, "न्हाई साहेब." सटवाची पाळी आली, तो पाटलांच्या तोंडाकडं बघायला लागला.

"बोल की सटवा, घाबरतो काय?" पाटील हसून म्हणाले.

"बिलकुल न्हाई साहेब."

साहेबांनी वहीत लिहिलं, वाटूरला वेठ नाही.

मी हळूच म्हणालो, "साहेब, हेच पाटलांच्या माघारी विचारा."

"शेठ, तुम्ही फक्त भाषांतर करा."

मी केलं. हमाली करून दुकान उभं केलेला मी, पण तिथं मीही त्या "न्हाई"चंच उर्दू करत राह्यलो.

वेठ घेणाऱ्यासमोर वेठ करणाऱ्याला विचारायचं, ही कुठली विद्या, मंडळी? तुम्ही असता तर बोलला असता का?

साहेबांना परतूर ठेसनावरून आणणारी गाडी सटवाची होती. पेरणीचे बैल सोडून पाटलांनी ती फुकट जुंपायला लावली होती.