खांदे हलल्याशिवाय टाइप नाही

सोमवार, दत्तजयंतीनंतरचा. हजर: मास्तर आणि मी. गैरहजर: बाबल. त्या दिवशी काळजी सुरू झाली, म्हणून सांगायला तिथूनच घेते.

"पाठ कर रे," असं म्हणून मास्तर कामाला सुरुवात करायचे. त्या सोमवारीही सवयीने म्हणाले. पण त्यांच्याकडे पाठ करून बसणारा माणूस, बाबल, दोन दिवसांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गोव्याच्या इस्पितळात पडला होता.

आचऱ्यात माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. मास्तर आणि बाबल यांची टीव्हीवरची मालवणी विनोदी मालिका त्या दुकानाच्या मागच्या खोलीत लिहिली जायची. दोन सख्खे भाऊ, त्यांच्यात वाटणीचं भांडण आणि मध्ये सामाईक विहीर. भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. जे बोलायचं ते विहिरीत वाकून विहिरीला सांगतात. तुम्ही पाहिली असेल. सुरुवातीला दोघांची नावं एकाच ओळीत यायची. मास्तरांचं नाव इथे मुद्दाम देत नाही. बाबलशिवाय एकटं छापलेलं त्यांना चाललं नसतं.

मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, बाबल नारळाचा व्यापारी. देवळाच्या जत्रेत नाटकं बसवता बसवता दोघांचं जमलं, आणि तिथूनच मुंबईच्या वाहिनीने त्यांना उचललं. लिहिण्याची त्यांची एक रीत होती. बाबल खिडकीकडे तोंड आणि मास्तरांकडे पाठ करून बसायचा. मास्तर उभ्याने वाक्य बोलायचे आणि बाबलच्या खांद्यांकडे बघायचे. खांदे हलले तर मी टाइप करायचं, नाहीतर नाही.

"तोंड खोटा बोलता," मास्तर मला समजावत. "ह्यो माझो दोस्त, माका बरा वाटाचा म्हणान हसात. खांदे खोटा बोलणत नाय."

कधी कधी अर्धा तास खांदे ढिम्म.

"झोपलंस काय रे, मेल्या?"

"मी जागो आसंय," बाबल खिडकीकडे बघतच म्हणायचा. "वाक्य झोपला."

मग एखादं यायचं. थोरला भाऊ विहिरीत वाकून म्हणतो, "गो बावडे, सांग त्याका, त्याची पोफळ वाऱ्यान माझ्या आंगणात पडली. जल्मात पयल्यांदा तिका अक्कल इली." बाबलचे खांदे गदगदायला लागायचे, मास्तर माझ्याकडे वळून नुसती मान हलवायचे, आणि मी टाइप करायची.

बाबल आजारी पडला तेव्हा मालिकेचा शेवटचा भाग राहिला होता. वाहिनीच्या ऑफिसातली मुलगी रोज फोन करी. "सर, कधी देताय? नाहीतर आमची टीम लिहून टाकेल." मास्तर फोन ठेवून म्हणायचे, "ते नळाच्या पाण्यार वाढले. तेंका बावडी काय म्हायत?"  

मग मास्तरांनी मला पाठ करून बसवून पाहिलं. मी कितीही लक्ष दिलं तरी माझ्या डोक्यात पुढच्या कामांची रांग. खांदे कसले हलणार!

"ऱ्हवांदे, बाय," मास्तर म्हणाले. "तू यादी करणारा माणूस. तुका हसाक येणा नाय."

बाबल घरी आला. उजवी बाजू गेलेली, शब्द गेलेले. मास्तर शेवटच्या भागाचे कागद घेऊन त्याच्याकडे निघाले, टाइप करायला मी लॅपटॉप घेऊन बरोबर. पाठ करणं बाबलला शक्य नव्हतं, म्हणून मास्तर खाटेच्या उशापाशी, त्याला दिसणार नाहीत असे बसले आणि वाचू लागले. पहिल्या वाक्याला बाबलचा डावा खांदा हलला. मास्तरांचा चेहरा उजळला. दुसऱ्यालाही हलला. तिसऱ्याला, चौथ्याला, सगळ्यांनाच; मी टाइप करत होते. कुठेच न थांबता हसू येत होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मास्तर थांबले. खिशातून विजेचं बिल काढलं आणि त्याच आवाजात ते वाचलं. बाबल तसाच हसला.

वहिनी, म्हणजे बाबलची बायको, आतून आल्या. "मास्तरांनू, डाक्टर म्हणालेत, हसणा-रडणा आता तेंच्या हातात नाय. कशाकय येता. बरा होयत, पण कधी ता सांगाक येणा नाय."

 परतताना मी म्हटलं, "मास्तर, भाग चांगला झालाय. पाठवून देऊया. लोक हसतील."

"लोक हसतीत गो," ते म्हणाले. "पण तो आत आसा काय नाय, ता माका कळाक व्हया."

त्यानंतर ते रोज जात. तोच भाग, तीच वाक्यं. बाबल रोज सगळ्याला हसे, आणि हसणं ओसरलं की मास्तर त्याचं तोंड पुसून उठत. मी दुकान सांभाळून जमेल तशी जाई. वाहिनीकडून मी दोनदा मुदत वाढवून घेतली होती. तिसऱ्यांदा काय कारण सांगायचं, याची मला धास्ती होती. मास्तर वाळत चालले होते, त्याची वेगळीच.

एका दुपारी वहिनी पडवीत नारळ खवत होत्या, मी दाराशी होते. मास्तर शेवटच्या प्रसंगाला आले. थोरला भाऊ विहिरीवर वाकतो आणि धाकट्याला घरी बोलावतो, ते वाक्य. वाक्य गोड होतं, जरा जास्तच गोड. मास्तरांनी वाचलं.

बाबल हसला नाही. कपाळाला आठी पडली. डावा हात चादरीवरून उचलून त्याने माशी हाकलावी तसा झटकला.

मास्तरांनी पुन्हा वाचलं. पुन्हा आठी, पुन्हा हात.

मास्तर धडपडत पडवीत आले. "हसूक नाय! बाय, हसूक नाय तो!"

वहिनींच्या हातातली कवड गडगडत अंगणात गेली. "अगो बाय माझे! काय झाला तेंका?"

"काय होवक नाय, वहिनी! वाक्य वायट आसा! एकदम वायट!" मास्तर रडत होते, हसत होते. मग आत जाऊन बाबलसमोर उभे राहिले, पहिल्यांदाच अगदी समोर. "काढलंय रे ता. उद्या दुसरा हाडतंय. आठी घालून तयार ऱ्हव." मला म्हणाले, "काढून टाक." मी तिथल्या तिथे ते वाक्य पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर चहाचा कप घेऊन आपल्या ओट्यावर बसले, आणि बसल्याबसल्या गेले. चहा तसाच राहिला.

आता बाकीचा भाग तयार आहे. थोरला विहिरीवर वाकतो, तोंड उघडतो, आणि खाली मोकळी ओळ. वाहिनीने शुक्रवारपर्यंत मुदत दिली आहे. ती ओळ मुंबईला भरू द्यायची नाही, एवढं माझं पक्कं आहे. काय बसतं, काय नाही, ते आता एकटा बाबल सांगू शकेल. त्याचं सगळ्याला हसणं थांबत आलं आहे. एक शब्दही परत आला आहे. दुपारी, मास्तरांच्या येण्याच्या वेळेला, दाराकडे बघून तो विचारतो, "खंय?"

वहिनी म्हणतात, "गावाक गेलेत, येतले." मग पदर तोंडाला लावून आत जातात. मला म्हणाल्या, "तूच सांग गो. माझ्यान होवचा नाय."

काल मी गेले होते. लॅपटॉप उघडला, खाटेजवळ बसले. त्याने विचारलं. मी उठून त्याची उशी नीट केली, पाणी पाजलं आणि परत आले.

आज बुधवार. सांगायचं राहिलं आहे.